तिसरी चकती

क्रँक उपसायचा पुलर मित्राकडून एका दिवसाच्या बोलीवर आणला होता. बाबा दुपारचे झोपले होते. मी हॉलमध्ये पेपर पसरला, बाबांची सायकल आडवी घातली आणि कामाला लागले. उजवा क्रँक निघाला तसे त्याच्या पाठीमागचे पाच बोल्ट दिसले. काळ्या ग्रीसमध्ये बुडलेले, बहुतेक पंधरा वर्षांत कुणी हात न लावलेले. पाचही सुटले आणि तीन चकत्यांपैकी सगळ्यात आतली, सगळ्यात लहान चकती माझ्या हातात आली. तीस दात. फराळाच्या ताटलीएवढी.

सायकलिंगशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात. पॅडल ज्या दातेरी चकतीला फिरवतात ती पुढची चेनरिंग. एक असेल तर साधी सायकल, दोन असतील तर डबल, तीन असतील तर ट्रिपल. बाबांची रोड बाइक ट्रिपल होती: ५२, ४२ आणि ३० दात. २००९ साली, मधुमेहाचा पहिला रिपोर्ट हातात पडल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी ती अमेरिकेहून परतलेल्या एका सहकाऱ्याकडून सेकंडहँड घेतली. वय तेव्हा ४८. पुढची बारा वर्षं त्यांनी ती मनापासून चालवली. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सायकल माझ्याकडे आली.

माझ्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या सायकली डबल. पहिल्याच रविवारी चहाच्या टपरीवर एकाने खाली वाकून माझ्या चकत्या मोजल्या आणि म्हणाला, "ट्रिपल? ही तर रिटायर्ड लोकांची असते ना?" सगळे हसले. मीही हसले. इंग्रजीत या सगळ्यात लहान चकतीला ग्रॅनी रिंग म्हणतात. ग्रॅनी म्हणजे आजी. मी २६ वर्षांची होते आणि मला आजीची चकती नको होती.

बाबा उठून बाहेर आले तेव्हा ती पेपरवर पडलेली होती. त्यांनी ती उचलली, अंगठ्याने दातांवरचं ग्रीस पुसलं, दोनचार दात उजेडात धरून पाहिले. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं काढलेला माणूस. "झिजलेली नाही," एवढंच म्हणाले. आत जाऊन एका रिकाम्या डब्यात ठेवून आले.

त्या दिवशी मला वाटलं, विषय संपला. पण ही चकती सायकलवर आली कशी, आणि तिला लोक हसायला का लागले, हे शोधत गेले तर सव्वाशे वर्षांचं एक भांडण हाती लागलं. भांडण गिअरचं आहे. निदान वरवर पाहता.

०

गिअर नव्हते तेव्हाही गिअर होता. जुन्या फोटोंत दिसते ती सायकल आठवा: पुढे पुरुषभर उंचीचं चाक, मागे बुटकं, आणि मिशाळ साहेब वर बसलेला. तिला चेन नसायची. पॅडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले. पायाच्या एका फेरीत चाकाची एक फेरी. म्हणजे जोरात जायचं तर चाक मोठं हवं आणि चाक किती मोठं असावं हे तुमच्या टांगेच्या लांबीवर ठरणार. साठ इंची चाकाला उंच माणूस लागायचा.

मग चेन आली. १८८५ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने रोव्हर नावाची सायकल काढली. दोन जवळजवळ सारखी चाकं, पॅडल मध्ये, चेन मागच्या चाकाला. आपण आज 'सायकल' म्हणतो ती हीच. पुढच्या चकतीला मागच्यापेक्षा जास्त दात दिले की चाक लहान ठेवूनही मोठ्या चाकाचा वेग मिळतो. गंमत अशी, की हा वेग मोजायला लोकांनी जुनंच माप ठेवलं. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा व्यास. उत्तर इंचांत. म्हणजे आज तुमच्या सायकलचा गिअर 'सत्तर इंच' असेल, तर त्याचा अर्थ तुम्ही सत्तर इंची चाकाच्या भुतावर बसला आहात.

बाबांच्या सायकलवर ५२ ला १२ हा सगळ्यात जड गिअर. २७ इंची चाक धरलं तर ११७ इंच, म्हणजे जवळजवळ दहा फूट उंच चाक. आणि तीसला २५ हा सगळ्यात हलका, साडेबत्तीस इंचांच्या आत. लहान मुलाची सायकल. एकाच सायकलमध्ये दोन्ही.

आमच्या आजोबांच्या सायकलला यातलं काही नव्हतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते रोज जायचे ती काळी, डबल बारची, पुढे ४४ आणि मागे १८ दातांची. साधारण ६८ इंच. सपाटीला झकास. चढ आला की उतरायचं आणि हँडल धरून चालायचं. यात कुणाला लाज वाटत नसे, कारण सगळेच उतरायचे. लाज वाटायला पर्याय लागतो.

०

तो पर्याय आणणारा माणूस फ्रेंच होता. पॉल द विव्ही, जन्म १८५३. सां-एतिएन या औद्योगिक गावात रेशमाचा व्यापार करायचा. सायकलचं वेड लागलं आणि १८८७ साली त्याने तो धंदा सोडला, सायकलींचं दुकान टाकलं आणि सायकलस्वारांसाठी मासिक काढलं, पुढे त्याचं नाव 'ल सिक्लिस्त' झालं. त्यात तो 'व्हेलोसियो' या टोपणनावाने लिहायचा आणि आज तो त्याच नावाने ओळखला जातो. शाकाहारी, पहाटे उठणारा, शेकडो किलोमीटर सहज जाणारा. (आपल्याकडे जन्मला असता तर ट्रेकिंगवाल्यांचा देव झाला असता.)

सां-एतिएनच्या बाहेर पडलं की एक लांबलचक चढ लागतो, कोल द ला रेप्युब्लिक. अशी गोष्ट सांगतात, की एकदा व्हेलोसियो तिथे घाम गाळत चढत असताना त्याच्याच मासिकाचा एक वाचक पाइप ओढत त्याच्या शेजारून पुढे निघून गेला. त्याचा गिअर हलका होता. व्हेलोसियो विचारात पडला. गिअर हलका केला तर चढ सोपा, पण सपाटीला पाय नुसते भिरभिरणार. जड ठेवला तर उलट. मग दोन्ही का नकोत? त्याने पुढे दोन चकत्या बसवल्या. चढ आला की थांबायचं, उतरायचं, चेन हाताने उचलून लहान चकतीवर ठेवायची, बोटं पुसायची आणि निघायचं.

म्हणजे माझ्या ग्रुपमधल्या मुलांची ती ऐटबाज डबल मुळात पाइप ओढणाऱ्या माणसामुळे जन्मली.

व्हेलोसियोने पुढची तीस-चाळीस वर्षं एकच गोष्ट लिहून लिहून सांगितली: सायकलला अनेक गिअर असावेत. आणि शर्यतवाल्यांनी तेवढीच वर्षं त्याला उडवून लावलं. त्या बाजूचा मुख्य आवाज आंरी देग्रांजचा. हा साधा माणूस नव्हे. १८९३ साली एका तासात ३५.३२५ किलोमीटर जाऊन त्याने तासाचा पहिला अधिकृत विक्रम केला होता. पुढे 'लोतो' या वर्तमानपत्राचा संपादक झाला आणि १९०३ साली त्याच्याच हातून टूर द फ्रान्स सुरू झाली. त्याचं मत थोडक्यात असं: गिअर बदलणं पंचेचाळिशीपुढच्यांना ठीक आहे. आपण तरुणांनी यंत्राच्या युक्तीने नाही, स्नायूंच्या जोरावर जिंकावं. मला आपला एकच गिअर द्या.

पंचेचाळिशीपुढच्यांना! टपरीवरचा तो मुलगा देग्रांजचंच वाक्य बोलत होता, मध्ये फक्त सव्वाशे वर्षं गेली होती.

देग्रांजचं हे मत १९०२ सालचं आहे, आणि ते ज्या प्रसंगावरून आलं तो मला फार आवडतो. टूरिंग क्लब द फ्रान्सने त्या वर्षी पहाडात एक चाचणी घेतली. एका बाजूला फिशर नावाचा लांब पल्ल्याचा नामांकित शर्यतवीर, एकाच गिअरच्या सायकलवर. दुसऱ्या बाजूला मार्थ हेस नावाची बाई, व्हेलोसियोच्या 'गोलवाझ' सायकलवर, तीन गिअर घेऊन. हेस जिंकली. पूर्ण वाटेत तिचा पाय एकदाही जमिनीला लागला नाही. आणि ते पाहिल्यावर देग्रांजने काढलेला निष्कर्ष काय, तर चाचणी छान झाली, पण हे आपल्या आजीआजोबांसाठी.

हे मी वाचलं तेव्हा चकती काढून तीन आठवडे झाले होते, आणि मी पसरणीहून परत आले होते.

०

पसरणीचं सांगते. २०० किलोमीटरची ब्रेव्हे होती, पुणे ते पाचगणी आणि परत. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचं, २०० किलोमीटरला साडेतेरा तास. ही पद्धतही फ्रान्सचीच. पॅरिसचा ओदाक्स क्लब १९०४ पासूनचा, आणि प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायच्या ब्रेव्हे त्यांनी १९२१ साली सुरू केल्या. आज पुण्या-मुंबईतली पोरं पहाटे चारला डोक्याला दिवा बांधून जी ब्रेव्हे कार्डं घेऊन निघतात, ती व्हेलोसियोच्या गोतावळ्यातली आहेत, शर्यतवाल्यांच्या नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

खंबाटकी मी रेटून काढला. वाईत मिसळ खाल्ली. आणि पसरणीच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर पाय थांबले. माझ्याकडे आता ४२ ला २५ होता. तीसला २५ असता तर पायाच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर गेली असती. आता साडेतीन मीटर जायला हवी होती. म्हणजे प्रत्येक फेरी चाळीस टक्के जड. ताशी आठ किलोमीटरने चढायचं तर तीसच्या चकतीवर मिनिटाला ५३ फेऱ्या मारल्या असत्या. ४२ वर ३८. अडतीस फेऱ्या म्हणजे पॅडल मारणं नव्हे, ते जिने चढणं आहे, पाठीवर सिलिंडर घेऊन.

उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूने कळ आली तेव्हा उतरले. सायकलिंगच्या बुटांना खाली क्लीट असतात, त्यांचा डांबरावर टक टक आवाज होतो. तो आवाज ऐकत ढकलत राहिले. बाजूने आंब्याचा टेम्पो गेला, त्यातल्या बाईने हात केला. पाचगणीच्या कंट्रोलला पोचले तेव्हा वेळ संपून गेली होती. गुडघ्याला बर्फ लावून एसटीने परत आले, सायकल टपावर.

घरी सांगितलं नाही. लंगडत होते म्हणून कळलं. बाबांनी विचारलं, "कुठे उतरलीस?" मी वळण सांगितलं. त्यांना ते वळण माहीत होतं. २०१५ साली, ५४ व्या वर्षी, गुडघा कुरकुरत असताना ते पसरणी पाय न टेकता चढले होते. मला हे ठाऊक होतं, पण आजवर ते मी 'बाबांची जिद्द' या खात्यात टाकलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, की त्यातले काही दात चकतीचेही असतील.

०

आता परत त्या भांडणाकडे.

देग्रांजच्या टूरमध्ये चेन सरकवणाऱ्या यंत्राला, म्हणजे डिरेलरला, बंदी होती. मग शर्यतवीर आल्प्स आणि पिरेनीज कसे चढायचे? मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांच्या चकत्या असायच्या. घाटाच्या पायथ्याशी थांबायचं, पंखासारख्या नटा सोडवायच्या, चाक काढून उलटं बसवायचं, चढायचं. माथ्यावर परत तेच. थंडीत बोटं बधिर झालेली असताना. अशीच एक दंतकथा इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलोची आहे: १९२७ साली क्रोचे दाउने खिंडीत, बर्फात, त्याला गोठलेली नट सुटेना, शर्यत हातची गेली, आणि त्यातून चाक झटक्यात काढायचा क्विक रिलीज सुचला. गोष्ट किती खरी यावर अभ्यासक आता शंका घेतात, पण क्विक रिलीज खरा आहे आणि काम्पान्योलो कंपनी १९३३ पासून खरी आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. उतरून, चाक काढून, उलटं बसवून गिअर बदलला तर ते मर्दुमकीचं. बसल्या जागी खटका ओढून बदलला तर ते म्हाताऱ्यांचं. गिअर दोन्हीकडे होतेच. फरक त्रासाचा होता. त्रास झाला पाहिजे, हा खरा नियम.

१९३० साली व्हेलोसियो ट्रामच्या धडकेने गेला. देग्रांज आजारपणामुळे १९३६ साली टूरमधून बाजूला झाला, सूत्रं झाक गोदेकडे आली आणि १९३७ साली डिरेलरला परवानगी मिळाली. त्या वर्षी जिंकला रोजे लापेबी, डिरेलर वापरून. त्यानंतर यावर कुणी चर्चा केली नाही. शर्यतवीराने जिंकून दाखवलं की रात्रीत गोष्ट तरुणांची होते.

पण देग्रांज पूर्ण हरला असं म्हणता येणार नाही. तो फक्त मागच्या चाकावरून पुढच्या चकतीवर येऊन बसला. मागे कितीही गिअर चालतील, पुढे लहान चकती नको.

०

याला थोडं तांत्रिक कारणही होतं, ते मला पेठेतल्या सायकलवाल्या काकांनी दाखवलं. चकती क्रँकला ज्या पाच बोल्टांनी जोडतात, ते एका वर्तुळावर असतात. ते वर्तुळ जेवढं मोठं, तेवढी चकती लहान करायला जागा कमी. काम्पान्योलोच्या जुन्या शर्यतीच्या क्रँकचं वर्तुळ १४४ मिलिमीटरचं, त्यावर ४१ दातांखाली जाताच येत नाही. म्हणून कित्येक वर्षं जगातल्या शर्यतीच्या सायकलींवर ५२ आणि ४२ हीच जोडी. शिमानोने १३० चं वर्तुळ वापरलं, त्यावर ३८ पर्यंत जाता येतं. त्याखाली जायचं तर आत आणखी एक लहान वर्तुळ काढायचं, ७४ मिलिमीटरचं, आणि त्यावर तिसरी चकती लावायची. आमची ट्रिपल अशी होती: १३० वर दोन, ७४ वर एक.

तिसरी चकती मुळात शर्यतीसाठी नव्हतीच. ती भटक्यांची. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून रेने एर्स, आलेक्स सिंगर यांच्यासारखे कारागीर लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी हाताने सायकली बनवायचे. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे व्हेलोसियोचे वाचक: तंबू लादून आल्प्स ओलांडणारी जोडपी, रविवारी डोंगरात जाणारे कारकून. मागे तेव्हा चारपाचच चकत्या बसायच्या. तेवढ्यात सपाटीही सांभाळायची आणि डोंगरही, मग पुढे वाढवण्यावाचून इलाज नव्हता. मोठ्या दोन चकत्या रोजच्या, तिसरी 'आता काही खरं नाही' अशा वेळेची.

मग जपान्यांनी मागची बाजू वाढवत नेली. सनटूरने १९६४ साली तिरक्या चौकटीच्या डिरेलरचं पेटंट घेतलं. ते १९८४ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी शिमानोने ड्युरा-एसमध्ये खटकखटक करत नेमका बसणारा इंडेक्स गिअर आणला. १९९० मध्ये खटका थेट ब्रेकच्या दांड्यात आला. मागे सहा, सात, आठ, नऊ चकत्या झाल्या. याच सुमारास साध्या माणसांनीही रोड बाइक घ्यायला सुरुवात केली आणि कंपन्यांनी त्यांच्यासाठी ट्रिपल दिली. एक वेळ अशी होती की शिमानोच्या सगळ्यात वरच्या ड्युरा-एसमध्येही ट्रिपल मिळायची. बाबांची सायकल त्या पिढीची.

तिला मारलं कुणी? दोघांनी. एक, मागच्या चकत्या. मागे दहा-अकरा झाल्यावर पुढे तिनाची गरज उरली नाही. २०१२ मध्ये अकरा स्पीडची ड्युरा-एस आली ती ट्रिपलशिवाय, आणि पुढच्या दोन वर्षांत अल्टेग्रा आणि १०५ नेही ती सोडली. स्रामने तर रोड बाइकसाठी ट्रिपल कधी काढलीच नाही. आणि दुसरा मारेकरी म्हणजे कॉम्पॅक्ट डबल: ५० आणि ३४ दात.

आणि इथेच मी हसले. कॉम्पॅक्टचं बोल्टांचं वर्तुळ आहे ११० मिलिमीटरचं. ते नवीन नव्हतं. भटक्यांच्या जुन्या ट्रिपलवर बाहेरच्या दोन चकत्या ११० वरच असायच्या. म्हणजे कॉम्पॅक्ट डबल ही म्हाताऱ्यांच्या क्रँकचीच सख्खी लेक, फक्त तिसरी चकती नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तिला प्रतिष्ठा मिळाली तीही ठरलेल्या मार्गाने. २००३ च्या टूरमध्ये टायलर हॅमिल्टनचं गळपट्टीचं हाड पहिल्याच टप्प्यात मोडलं, तरी तो कॉम्पॅक्ट क्रँकवर डोंगर चढत राहिला आणि एक टप्पा जिंकला. (पुढे त्याने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली. क्रँकचा त्यात दोष नाही.) शर्यतवीराने वापरली, विषय संपला.

०

मग मी बदल नीट करायचा ठरवला. चकती काढून टाकणं म्हणजे ट्रिपलची डबल करणं नव्हे, हे गुडघ्याने शिकवलं होतं.

काकांकडे सेकंडहँड कॉम्पॅक्ट क्रँक मिळाला, ५०-३४. जुना एक्सल ट्रिपलसाठी होता, ११८.५ मिलिमीटर लांब. तो ठेवून डबल लावली असती तर चकत्या बाहेर गेल्या असत्या आणि चेन तिरकी पळाली असती. नव्या क्रँकचा एक्सल क्रँकलाच जोडलेला होता आणि बेअरिंग फ्रेमच्या बाहेर, म्हणून जुनं बॉटम ब्रॅकेट अख्खं काढावं लागलं. काकांनी पाना माझ्या हातात दिला. मी उजव्या बाजूला नेहमीसारखा डावीकडे जोर लावला. हलेना. पाइप घातला, लोंबकळले. काका बिडी विझवून म्हणाले, "ताई, उजवीकडचे आटे उलटे असतात. बीएसए आहे." बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका आणि सायकली बनवणारा कारखाना. त्याने ठरवलेले आटे आजही जगभर चालतात. दारूगोळा कारखान्यात जाणारे आजोबा आठवले. पाना उलटा फिरवला, कट्‌ आवाज झाला आणि सुटलं.

पुढचा डिरेलर बदलला, कारण ट्रिपलच्या डिरेलरची आतली पट्टी खोल असते आणि लहान-मोठ्या चकत्यांचं अंतर बदललं की ती नको तिथे घासते. नवा थोडा खाली बसवला. डाव्या हाताचा खटका तीन टप्प्यांचाच राहिला, स्क्रू फिरवून तिसरा टप्पा बंद केला. मागे १२-२५ ऐवजी ११-२८ लावलं. ट्रिपलबरोबर आलेला लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर त्याला पुरला. चेन जवळजवळ तेवढीच राहिली: मोठ्याला मोठी जोडली तर आधी ५२ आणि २५, आता ५० आणि २८. बेरीज एकाने वाढली.

काय गेलं, तेही सांगते. ४२ ची मधली चकती गेली, जिच्यावर शहरात दिवसभर काही न बदलता फिरता यायचं. आता ३४ अपुरी पडते आणि ५० जास्त होते, मध्ये सोळा दातांची उडी. चढ संपून सपाटी सुरू होते तिथे पाय एकदम हवेत फिरतात किंवा एकदम चिखलात रुततात. याची सवय व्हायला दोन महिने लागले. जे लोक कॉम्पॅक्टला 'कुठलीच तडजोड नाही' म्हणतात, त्यांनी ट्रिपल चालवलेली नसते.

सायकल घरी आणली तेव्हा बाबा बाल्कनीत बसले होते. खाली आले. वाकता येत नाही म्हणून काठीवर रेलून पाहिलं.

"पुढे लहान किती?"

"चौतीस."

"मागे मोठी?"

"अठ्ठावीस."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विजेच्या बिलाच्या पाठीवर भागाकार मांडला. चौतीस भागिले अठ्ठावीस, एक दशांश दोन एक. शेजारी तीस भागिले पंचवीस, एक दशांश दोन. खाली दोन रेघा मारल्या.

"म्हणजे माझ्यापेक्षा जडच," ते म्हणाले. "शेकडा एक."

"फोडणीतल्या मोहरीएवढा फरक आहे, बाबा."

"आहे ना पण."

मग काठी माझ्या हातात दिली आणि सीट किती खाली येते ते विचारलं. मी सीट दोन इंच उतरवली, चेन ३४ वर टाकली. त्यांनी पार्किंगच्या कट्ट्याला धरून पाय टाकला. डॉक्टरांनी घरातल्या व्यायामाच्या सायकलची परवानगी दिली होती, खऱ्या सायकलबद्दल त्यांनी विचारलंच नव्हतं. बिल्डिंगला एक फेरी मारून आले. वॉचमन उभा राहिला होता. थांबतील म्हणून मी हात पुढे केला, तर न थांबता पुढे गेले, आणि मागच्या कोपऱ्यावर, मला दिसेनासे झाल्यावर, चेन ५० वर चढल्याचा आवाज आला.